पर्सा कोण सांभाळणार

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या देवळात प्रभुभोजन असतं. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतो, निदान माझ्या वयापर्यंतचे तरी. त्या दिवशी माझ्याजवळ आठ-दहा पर्सा असतात. दोन मांडीवर, बाकीच्या डाव्या-उजव्या बाजूला, आणि एक मोठी, जिच्यात पाण्याची बाटली, छत्री आणि कुणाच्या तरी गोळ्या असतात ती, पायापाशी. पुढच्या बाकांवरच्या बायका वेदीकडे जायला उठतात, पदर सारखा करतात आणि जाता जाता पर्स माझ्याकडे देतात. "जरा बघता का हो?"

बघते. अठरा वर्षं बघतेय. मी पुढे जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. का जात नाही हे एकीनंही कधी विचारलं नाही. पुण्यातले लोक विचारत नाहीत. गावी असते तर पहिल्याच महिन्यात चार जणींनी हात धरून विचारलं असतं, आणि पाचवीनं न विचारता सांगितलं असतं.

वेदीपाशी मिळते ती भाकर आणि द्राक्षारस. म्हणायचं भाकर, असतो तो बेकरीचा पाव, कडा कापून चौकोनी तुकडे केलेला. कर्वेनगरात चार घरं मिळून मी रोज साठ-सत्तर पोळ्या लाटते. पीठ हाताला लागलं की पाणी किती हवं ते मला कळतं. लांबून बघूनही मला कळायचं की पाव आदल्या दिवशीचा आहे. पण ज्या ताटातलं आपण खात नाही त्यावर बोलू नये.

का खात नव्हते ते सांगते.

आमचं गाव यवतमाळच्याही पुढे. मिशनच्या काळापासून तिथे आमची पंधरा-वीस ख्रिस्ती घरं. सातवीत माझी शाळा सुटली. कुणी काढलं नाही. आई आजारी पडली, चूल माझ्याकडे आली, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मी गेलेच नाही. त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखलासुद्धा माझ्याकडे नाही. कुठल्याही कचेरीत गेलं की खिडकीतला माणूस तोच मागतो, आणि मी शाळा सोडली हे मला तोंडानं सांगावं लागतं, जसा काही तो गुन्हा मी कालच केला.

एकोणिसाव्या वर्षी मी कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. तो आमच्यातला नव्हता. देवीच्या देवळात हार घातले आणि पुढच्या रविवारी नवी साडी नेसून मी आपल्या देवळात येऊन बसले. अक्कल तेवढीच. उपासना संपल्यावर सूचना वाचायचे ते मंडळीचे (देवळाच्या सभासदांना आम्ही मंडळी म्हणतो) सेक्रेटरी, म्हणजे माझे वडील. पहिली सूचना रविवारच्या शाळेच्या सहलीची. दुसरी गळणाऱ्या कौलांची. तिसरी माझी. मला प्रभुभोजनातून बंद करण्यात येत आहे, मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागेपर्यंत. आवाज सहलीच्या सूचनेचाच. माझं पूर्ण नाव वाचलं. लग्न झालेल्या मुलीचं मधलं नाव नवऱ्याचं लावतात, पण ते विसरले किंवा त्यांना ते मान्य नव्हतं; मधे स्वतःचंच नाव वाचलं, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मी उभी राहिले नाही. त्याच आठवड्यात आम्ही पुण्याला आलो. दर नाताळला म्हणायचे, यंदा जाते आणि उभी राहते. मुलगी पाच वर्षांची असताना नवरा काविळीनं गेला आणि मी पोळ्या लाटायला घराबाहेर पडले. मग सुट्टी कुठली? दहा वर्षांपूर्वी वडील गेले. मी पोचले तिसऱ्या दिवशी. क्षमा मागायची तशीच राहिली.

आता बाई.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, कर्वेनगरच्या एका सोसायटीत एकट्या राहतात. मुलगी कॅनडात. मी त्यांच्याकडे पोळ्यांना लागले त्या आठवड्यातली गोष्ट. लाटता लाटता गुणगुणत होते, तर हॉलमधून आवाज आला, "सूर चुकतोय, पण गीत आमचं दिसतंय." मी लाटणं खाली ठेवलं. बाई दारात येऊन उभ्या. "ख्रिस्ती आहेस? मग आठवडाभर बोलली का नाहीस? रविवारी साडेआठला खाली उभी राहा, रिक्षा थांबत नाही."

तेव्हापासून दर रविवारी मी बाईंच्या रिक्षात. आणि पहिल्या रविवारी त्यांचीही पर्स माझ्या मांडीवर. त्यांनीही विचारलं नाही.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी मला चिकनगुन्या झाला. मुलगी नोकरीच्या ट्रेनिंगला बंगळुरूला. मी खोलीत एकटी, सांधे असे धरलेले की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलावा लागे. माझी खोली पहिल्या मजल्यावर, जिना लोखंडी, उभा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या जिन्यावर काहीतरी ठक ठक वाजलं. बाई. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा.

बाईंची खिचडी कशी होती ते मी इथे लिहू नये. वर्षानुवर्षं स्वयंपाकाला माणूस ठेवल्यावर हाताचं जे व्हायचं ते झालं होतं. एक दिवस मीठ नव्हतं, एक दिवस मिठाशिवाय काही नव्हतं. मी खाल्ली. खाता खाता रडू आलं.

बाई खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "रडण्याइतकी बिघडलीय का?"

तेरा दिवस त्या आल्या. रोज नवा डबा, कारण कालचा घासायला माझे हात चालत नव्हते आणि त्यांनी तो मागितलाही नाही. मी बरी झाले तेव्हा माझ्या फळीवर बाईंचे तेरा डबे रांगेत उभे होते.

आता ज्यांना आमच्याकडची रीत माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामा नाही. चिकनगुन्यातून उठल्यावर चार चिमट्या साखरेवर भागवणं माझ्या मनाला पटेना. मी पहिल्या डब्यात सांबारवडी भरली. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. आमटीचं सांबार नव्हे, हे पुण्यात दर वेळी सांगावं लागतं.

"हे काय?" बाई.

"सांबारवडी."

"मी मागितली होती?"

"नाही, पण डबा रिकामा कसा..."

"मी खिचडी आणली तेव्हा तू मागितली होतीस?"

"नाही."

"मग हा घेऊन जा. रिकामा आण. धुतलेला."

मला वाटलं चेष्टा करतायत. दुसऱ्या दिवशी लसणाची चटणी नेली. परत. मग वाटलं गोड हवं असेल, तर त्यांना साखरेचा त्रास, म्हणून बिनसाखरेचे डिंकाचे लाडू, खजूर घालून. परत. पाटवडी परत. एकदा मी गुपचूप ओट्यावर डबा ठेवून निघाले, तर सोसायटीच्या गेटवर वॉचमननं हाक मारली. बाईंनी लिफ्टमधून खाली पाठवला होता.

हे दोन महिने चाललं. तेरा डबे माझ्या फळीवर, आणि बाईंच्या फ्रिजमध्ये उरलेली भाजी वाटीत, वाटीवर ताटली, ताटलीवर परत वाटी. नवे डबे घेईनात. मी म्हटलं, मी आणून देते. त्या म्हणाल्या, "माझे आहेत की. तुझ्याकडे."

एवढा हट्ट बघून माझं डोकं तापायचं. माणूस चांगल्या मनानं काही आणतं तर घ्यावं ना! मी घरी मुलीला सांगत बसायचे. मुलगी आता खराडीला एका कंपनीत आहे, गळ्यात कार्ड, कानात यंत्र. ती म्हणायची, "आई, चिल. रिकामे देऊन टाक ना यार. शी इज लिटरली आस्किंग फॉर इट." तिला काय जातं सांगायला. तिला कुणी उपाशी असताना खिचडी आणली नाही.

एक दिवस बाईंनी पीठ मळत असलेल्या माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि बसल्या. चिडल्या की त्या मला अहो-जाहो करतात.

"आपण फार मोठ्या आहात. आपल्याला कुणी काही देऊच शकत नाही, नाही का?"

"असं नाही बाई."

"मग कसं? अठरा वर्षं बघतेय. मी दिलेली साडी नेसलीस की पुढचा आठवडाभर माझ्या खिडक्या पुसतेस. दिवाळीला सुट्टी दिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट पोळ्या. एवढं काय फेडायचं असतं गं तुला?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "मी बंद आहे, बाई."

मग सगळंच सांगितलं. कौलांची सूचना, माझी सूचना, मधलं नाव. पीठ हाताला वाळत होतं.

"अठरा वर्षं माझी पर्स धरून बसलीस आणि हे आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"हं," बाई म्हणाल्या. "ते खरं आहे." आणि उठून आत गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत असं मला दुसऱ्या दिवशी उरलेल्या पोळ्या मोजताना कळलं.

त्याच आठवड्यात त्यांनी पास्टरना बोलावलं. आमचे पास्टर तरुण, बाईंच्याच हाताखाली शिकलेले. त्यांच्यासमोर अजूनही खुर्चीच्या कडेवर बसतात. मी चहा आणला. ते म्हणाले, "ताई, ते सगळं केव्हाच संपलंय. येत्या पहिल्या रविवारी या पुढे."

"असं कसं संपलं? कुणी संपवलं?"

"ख्रिस्तानं."

"ते मला माहीत आहे. पण पत्र?"

ते बाईंकडे बघायला लागले. बाई छताकडे.

मग त्यांनी मला कृपेचं समजावलं. कृपा कमवायची नसते, ताई. लायकी बघून मिळत नाही. ती फुकट असते. चांगला मुलगा आहे, मनापासून सांगत होता. पण फुकट हा शब्द त्यानं कुणासमोर काढला! फुकटचं खायचं नाही, या एका वाक्यावर मी मुलगी वाढवली. आमच्यात कुणाचा अपमान करायचा तर त्याला फुकट्या म्हणतात. आणि ही सगळ्यात मोठी गोष्ट, जिच्यासाठी मी इतकी वर्षं बाकावर बसून होते, ती फुकट? मग मी बसले कशाला? मला इतका राग आला की मी चहाचे कप न विचारता उचलून नेले.

मला पत्र हवं होतं. दुसऱ्या मंडळीत जाताना जुन्या मंडळीचं पत्र आणतात, ही पद्धत आहे, मी नाही काढलेली. ज्या वहीत बंद केल्याचं लिहिलं त्याच वहीत खाली उघडल्याचं लिहावं, आणि त्याची नक्कल मला मिळावी. जन्मभर दाखल्यावाचून फिरले, निदान देवाच्या दारात तरी कागद घेऊन जावं. भावाकडून नंबर घेतला आणि गावच्या पाळकांना, म्हणजे तिथल्या पास्टरना, फोन लावला. तेही नवीनच.

"ताई, थे बुक तं वाळवीनं खाल्लं जी," ते म्हणाले.

"कुठलं?"

"तुमच्या सालाचं. आन् पुढचे तीन. कपाटच गेलं ना. मी आलो तवा नुसती माती निंघाली."

"मग माझं नाव?"

"नवी यादी लोकायले इचारून केली. तुमचं नाव कोणी सांगितलं नसन."

"मी बंद होते ना, म्हणून."

"बंद होत्या काय? मले तं माहीतच नाही."

"बरं, मग उघडल्याचं पत्र द्या."

मग ते फार नम्रपणे म्हणाले, "ताई, बंद केल्याचंच काही नाही, तं उघडल्याचं कसं देऊ? म्हनसान तं प्रार्थना करतो."

त्यांनी फोनवर प्रार्थना केली. मी डोळे मिटून आत जळत होते. सव्वीस वर्षं! माणसाला शिक्षा लागते ती लोखंडासारखी टिकते, आणि ती जिथे लिहिलीय तो कागद वाळवी दुपारच्या फराळाला खाते. मुलीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. "आई, सिस्टममध्ये एंट्रीच नाही. टेक्निकली तू ब्लॉक्डच नाहीस!"

मी नाही हसले. तिला काही सांगितलं नाही, पण इथे लिहिते: मला पत्रापेक्षा ती वही हवी होती. त्या पानावर वडिलांच्या अक्षरात माझं नाव होतं. त्यांच्या हातानं लिहिलेलं माझं दुसरं काहीच माझ्याकडे नाही.

बाईंना फोनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं."

"चांगलं काय बाई? आता कधीच पत्र मिळणार नाही."

"तेच म्हणतेय."

यानंतर बाईंचे गुडघे गेले. दोन्हींचं ऑपरेशन झालं. मला रात्रंदिवस वाटायचं, माझ्या त्या लोखंडी जिन्यानं गेले. तेरा दिवस चढल्या, सत्त्याहत्तर वर्षांच्या. एकदा बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "ते गुडघे तुझ्या जन्माआधीपासून खराब आहेत. फुकटचं श्रेय घेऊ नकोस."

काठी आली. देवळात आता वेदीपर्यंत त्यांना कोपराला धरून न्यावं लागे. पहिल्या महिन्यात मी नेलं, वेदीपुढच्या कठड्यापाशी उभं केलं, मागे वळून भराभर बाकावर आले आणि पर्सा बघत बसले. बाई परत आल्या त्या दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला धरून. माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात सगळा बाक उठला, पर्सा माझ्याकडे आल्या, आणि बाई बसूनच.

"चला बाई."

"तू घेणार?"

"मी तुम्हाला सोडायला येते ना."

"सोडायला रिक्षावाला येतो."

"बाई, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना तरी काय विरंगुळा आहे?"

त्या गेल्याच नाहीत. रांग संपली, पास्टरनी ताट झाकलं, शेवटचं गीत झालं. ऑपरेशनचे दिवस सोडले तर साठ वर्षांत बाईंचं प्रभुभोजन चुकलं नव्हतं, हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. रिक्षात मी तोंड फिरवून बसले होते. शेवटी राहवेना.

"हे बरं नाही, बाई. माझ्या डोक्यावर आधीच कमी आहे का, की त्यात तुम्ही हेही ठेवताय?"

"मी कुठे काय ठेवतेय? मी तुझ्याशेजारी बसलेय."

आता शेजारी बसणाऱ्या माणसाशी काय भांडणार? मी पास्टरना गाठलं, म्हटलं, तुम्ही त्यांना दोन शब्द सांगा, म्हाताऱ्या माणसाला हे शोभतं का! ते म्हणाले, "ताई, मला त्यांनी अंगठे धरून उभं केलेलं आहे. मी काय सांगणार?"

त्याच्या पुढच्या महिन्यातही त्या बसून राहिल्या. आणि मग कॅनडाचं ठरलं. मुलगी येऊन घेऊन जाणार, सहा महिन्यांसाठी. "परत येईन की नाही ते गुडघ्यांना विचार," बाई म्हणाल्या. विमान महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातलं. म्हणजे मधे एकच पहिला रविवार. ज्या देवळात त्यांचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, नवऱ्याची शवपेटी ठेवली, तिथून त्या माझ्यापायी त्या तुकड्यावाचून जाणार. आणि मी काय करणार? विमानात बसेपर्यंत डब्यात वड्या भरत राहणार?

त्या आठवड्यात मी नीट झोपले नाही. पोळ्या करपल्या. तीन घरांत बोलणी खाल्ली. देवाशी भांडले, अगदी शब्दांनी. म्हटलं, तुला जर द्यायचंच होतं तर वडिलांच्या तोंडून का काढून घेतलंस? आणि द्यायचं तर घरी आणून दे ना, खिचडीसारखं. सगळ्यांसमोर चालत कशाला यायला लावतोस?

रविवार आला. मुलीची शिफ्ट होती. बाक उठला. "जरा बघता का हो?" एक, दोन, पाच, सात पर्सा. बाई समोर बघत, दोन्ही हात काठीवर.

मी काही पवित्र होऊन उठले नाही. वैतागून उठले. म्हटलं, "चला."

"घेणार?"

"चला म्हटलं ना बाई!"

त्या उठल्या. दोन पावलं गेलो आणि माझे पाय थांबले. बाकावर सात पर्सा उघड्यावर. "पण पर्सा कोण सांभाळणार?"

बाई दबक्या आवाजात बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पण शाळेतला आवाज. "ज्याच्या त्याच्या पर्सा ज्यानं त्यानं सांभाळाव्यात!"

रांगेतल्या सगळ्या वळल्या. एक मागे आली, आपली पर्स उचलून काखेत मारली. मग दुसरी. मोठ्या पर्सवालीनं छत्रीसकट आपलं सामान उचललं आणि जाता जाता माझ्या दंडाला हात लावला, नुसता. त्या दिवशी आमच्या देवळात बायका पर्सा घेऊन वेदीपाशी गेल्या, बाजाराला निघाल्यासारख्या.

कठड्यापाशी बाकीचे गुडघे टेकतात. बाईंना टेकता येत नाही, म्हणून त्या उभ्या आणि त्यांना धरून मीही. माझ्या एका हातात त्यांचा कोपर, दुसऱ्यात त्यांची काठी आणि पर्स. पास्टर ताट घेऊन एकेकापुढे थांबत येत होते. भाकर तळहातावर घेतात, उजवा हात डाव्यावर ठेवून. माझे हात भरलेले. मी कानात प्राण आणून ऐकत होते. मला खरंच वाटत होतं की मागून कुणीतरी म्हणेल, थांबा. आणि ते माझं पूर्ण नाव घेऊन म्हणेल.

बाई समोर बघतच म्हणाल्या, "काठी खाली ठेव."

"पडाल तुम्ही."

"पडले तर उचलशील. हात मोकळे कर."

काठी टेकवायला जागा नव्हती. मी सोडली. फरशीवर ती अशी वाजली की लहान पोरंही गप्प झाली. पर्स पायापाशी ठेवली. बाईंनी कठडा पकडला आणि स्वतः उभ्या राहिल्या, थरथरत.

मग मी हात पुढे केले. तव्याच्या चटक्यांचे काळे डाग, नखांत सकाळचं पीठ, आणि त्यात काही नाही. कुणापुढे रिकामे हात धरून उभं राहायची मला सवय नाही. पास्टरनी माझं नाव घेतलं नाही. जे वाक्य ते सगळ्यांना म्हणतात तेच म्हणाले, त्याच आवाजात, आणि तुकडा हातावर ठेवून पुढे बाईंकडे गेले.

मागून कुणी थांबा म्हणालं नाही.

पाव कोरडा होता, टाळूला चिकटला. कालचाच. द्राक्षारसाच्या घोटानं कसाबसा उतरला. मी वाकून काठी शोधायला लागले तेव्हा बाईंनी तोल सावरायला माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मी तशीच वाकलेली राहिले जरा जास्त वेळ, म्हणजे तोंड कुणाला दिसू नये.

रिक्षा कर्वेनगरला थांबली. बाई उतरताना म्हणाल्या, "माझे डबे."

दुसऱ्या दिवशी मी तेराही डबे दोन पिशव्यांत घालून नेले. घरातून निघताना साखरेचा डबा दोनदा उघडला आणि दोनदा लावला. बाईंच्या ओट्यावर रांगेनं मांडले. वाटत होतं, जसं काही मी त्यांच्या घरात चोरी करतेय. बाई काठी टेकत आल्या. एकेक झाकण काढून आत बघत गेल्या. पहिला रिकामा. दुसरा रिकामा. मी पदराचं टोक पिळत उभी. तेराव्यात त्यांनी बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं, आणि डबा माझ्या हातात परत दिला.

"साबण राहिलाय," बाई म्हणाल्या.